एक्स्पोझेबू: थेट उबेराबाच्या विमानतळावर उतरावं, की उबेर्लांदियाहून रस्त्यानं जावं?

गोठा_आणि_गीर

नमस्कार मंडळी,

पुढच्या एक्स्पोझेबूला, म्हणजे झेबू (गीरसारख्या वशिंडाच्या) गुरांच्या प्रदर्शनाला, ब्राझीलमधल्या उबेराबाला जायचं ठरतंय. प्रदर्शन दरवर्षी एप्रिलअखेरीस सुरू होतं आणि मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं. आम्ही आठ जण, सगळे बारामती-फलटण पट्ट्यातले गीर पाळणारे. त्यातले दोघं साठी ओलांडलेले. पोर्तुगीज कुणालाच येत नाही, इंग्रजी कामापुरतं.

मुंबई ते साओ पावलो तिकिटाची अडचण नाही. घोडं अडतंय ते पुढच्या पाचशे किलोमीटरला. एक एजंट म्हणतो, उबेराबाला विमानतळ आहे, थेट तिथं उतरा. दुसरा म्हणतो, ते बारकं आहे, त्याच्या भरवशावर राहू नका, शेजारच्या उबेर्लांदियाला उतरून गाडी करा. तिसरा साओ पावलोहून रात्रीची बस सुचवतो.

उबेराबाला नेमकी कुठून आणि कसली विमानं येतात? सामानाचं काय? साओ पावलोला उतरल्यावर मध्ये किती वेळ ठेवावा? आणि पुढचं विमान रद्द झालं तर हाताशी काय उरतं? त्या भागातल्या विमानसेवेची ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

रनवे_सतरा

दादा, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. उबेराबाच्या विमानतळाचं नाव मारियो दे आल्मेइदा फ्रांको, तिकिटावरचा कोड यूबीए. उबेर्लांदियाचा कोड यूडीआय. दोन्ही शहरं मिनास जेराइस राज्याच्या एकाच कोपऱ्यात, त्रियांगुलो मिनेइरो भागात आहेत आणि नावं कानाला जवळपास सारखी लागतात. फोनवर तिकीट काढताना गफलत इथंच होते. एजंटला शहराचं नाव सांगू नका, कोड सांगा, आणि पीएनआर हातात आला की पहिल्यांदा कोडच वाचा.

उबेराबाची नियमित सेवा मुख्यतः आझुल या कंपनीची आहे. आझुलचं मोठं ठाणं विराकोपोस, म्हणजे काम्पिनास शहराचं विमानतळ, कोड व्हीसीपी. तिथून उबेराबा हवाई अंतरानं साधारण ३७० किलोमीटर, विमानात तास-सव्वा तास. बेलो होरिझोंतीच्या कॉन्फिन्स विमानतळाशीही आझुलनं उबेराबा जोडलेलं आहे, पण तुमच्या वाटेवर ते येत नाही.

खरी मेख पुढं आहे. मुंबईहून दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे जाणारी विमानं उतरतात ग्वारुल्योसला, कोड जीआरयू. विराकोपोस तिथून रस्त्यानं शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि वाट साओ पावलो महानगराच्या कडेनं जाते. रस्ता मोकळा असेल तर दीड तास, संध्याकाळच्या गर्दीत अडीच तासही लागतात. एजंट पडद्यावर 'साओ पावलो ते उबेराबा' टाकतो, त्यात साओ पावलोच्या नावाखाली विराकोपोसही येतं, आणि मधली ही रस्त्याची वाट कुठंच दिसत नाही.

आता वेळेचा हिशेब. आखाती विमानं ग्वारुल्योसला बहुधा दुपारी उशिरा उतरतात. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स यात दीड ते दोन तास धरा. ब्राझीलमध्ये ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथंच सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यावं लागतं, मग पुढचं तिकीट कसलंही असो. बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ होते आणि तीच रस्त्यावरच्या गर्दीची वेळ. त्याच रात्री विराकोपोसहून उबेराबाचं विमान पकडायचा बेत मुळीच करू नका. विराकोपोसजवळ किंवा काम्पिनासमध्ये मुक्काम करा आणि सकाळी निवांत निघा. साठीच्या पुढच्या मंडळींना चोवीस तासांच्या प्रवासानंतर ती झोप लागणारच आहे. आठ जणांना सामानासकट एक पंधरा आसनी व्हॅन आधीच ठरवली तर ग्वारुल्योस ते काम्पिनास सरळ होतं. खासगी बसही आहेत, पण त्यांच्या वेळा मोजक्या असतात.

उबेराबाला आझुल बऱ्याचदा एटीआर ७२ हे पंख्याचं विमान लावते, कधी एम्ब्रायर जेट. एटीआरमध्ये ७० आसनं, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. प्रवाशांचं दार शेपटीकडं, डाव्या अंगाला, आणि दारातच घडीची शिडी असते. सामानाचा मोठा कप्पा पुढं, पायलटच्या पाठीमागं. डोक्यावरचे कप्पे उथळ असतात. मोठ्या विमानात सहज वर बसणारी चाकांची बॅग इथं बसत नाही, ती शिडीपाशीच काढून घेऊन खाली सामानात टाकतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, पैसे, चष्मा, फोनचा चार्जर ही सगळी चीजवस्तू खांद्याला अडकवायच्या छोट्या पिशवीत ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी पाठीमागच्या रांगांतली आसनं मागून घ्या, दार तिकडंच असल्यानं चालणं कमी होतं.

---

पल्ला_लांबचा

वरची माहिती बरोबर आहे, पण आठ जणांच्या गटाला मी उबेर्लांदियाच सांगेन.

कारण एवढंच की उबेर्लांदियाला जाण्यासाठी ग्वारुल्योस सोडावं लागत नाही. उबेर्लांदिया हे त्रियांगुलो मिनेइरोमधलं सगळ्यात मोठं शहर आहे. तिथं लाताम, गोल आणि आझुल तिन्ही कंपन्या येतात, दिवसात फेऱ्याही जास्त. ग्वारुल्योसला परदेशी विमानं मुख्यतः टर्मिनल ३ वर लागतात आणि देशांतर्गत बरीचशी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. दोन्ही टर्मिनलं आतून जोडलेली आहेत, ट्रॉली ढकलत चालत जाता येतं. कस्टम्समधून बाहेर आलात की सामान पुन्हा जमा करा आणि पुढं चला.

एक सावधगिरी हवीच. साओ पावलोहून उबेर्लांदियाची विमानं ग्वारुल्योसहूनही सुटतात आणि कोंगोन्यासहूनही. कोंगोन्यास, कोड सीजीएच, हे शहराच्या पोटातलं वेगळं विमानतळ आहे. तिकिटावर सुटण्याचं ठिकाण जीआरयूच आहे ना, हे बघा. स्वस्त दिसतं म्हणून सीजीएच घेतलंत तर संध्याकाळी अख्खं साओ पावलो ओलांडावं लागेल.

शक्य असेल तर मुंबई ते उबेर्लांदिया एकाच पीएनआरवर घ्या. कतार एअरवेज आणि लाताम यांचा कोडशेअर आहे, म्हणजे एकमेकींच्या विमानांची तिकिटं त्या विकतात, त्यामुळे असं तिकीट निघतं. एका तिकिटावर असाल आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. सामानाचे नियमही बहुधा लांबच्या प्रवासाचेच लागू होतात. वेगळी तिकिटं घेतलीत तर देशांतर्गत विमानात सामानाला वेगळे पैसे, तेही बॅगमागे २३ किलोपर्यंतच, आणि पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं. दोन तिकिटांच्या फरकात वाचलेले पैसे एका चुकलेल्या विमानात जातात.

उबेर्लांदिया ते उबेराबा बीआर-०५० महामार्गानं सुमारे ११० किलोमीटर. दुभाजक असलेला चौपदरी टोलरस्ता, सव्वा ते दीड तास. गटासाठी चालकासह व्हॅन आधी ठरवा. स्वतः चालवण्याच्या फंदात पडू नका. तिकडं वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते आणि तुम्ही नुकतेच इतक्या लांबून आलेले असाल. दोघं-तिघंच असाल तर उबेर्लांदियाच्या बसस्थानकावरून उबेराबाच्या बस मिळतात, पण विमानतळ ते बसस्थानक टॅक्सी करावी लागते.

बसचंही सांगतो, कारण तिसरा एजंट अगदीच चुकीचं बोलत नाही. साओ पावलोच्या तिएते स्थानकावरून उबेराबा सुमारे ४८० किलोमीटर, साधारण सात तास. रस्ता उत्तम, आणि 'लेइतो' वर्गात आसन जवळजवळ झोपण्याइतकं मागं होतं. मात्र ऑनलाइन तिकीट काढताना सीपीएफ, म्हणजे त्यांच्या आयकर खात्याचा क्रमांक मागतात आणि परदेशी कार्ड पुष्कळदा नाकारलं जातं. खिडकीवर पासपोर्ट दाखवून तिकीट मिळतं. विमान हुकलं तर ही बस हाताशी आहे एवढं ध्यानात ठेवा, पण चोवीस तासांच्या प्रवासावर आणखी सात तासांची रात्र, पहिला पर्याय म्हणून मी कुणाला सांगणार नाही.

---

एटीसी_नागपूर

'बारकं आहे, भरवशाचं नाही' असं जे एजंट सांगतात त्यामागची गोष्ट आकड्यांत मांडतो, म्हणजे कुठं काळजी करायची आणि कुठं नाही ते कळेल.

उबेराबाची धावपट्टी १७/३५ (हा तिच्या दिशेचा क्रमांक), लांबी १,७५९ मीटर, रुंदी ४५ मीटर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८०९ मीटर. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर आहे, त्यावरून अंदाज येईल. पण नुसती लांबी बघून चालत नाही. उंचीवर हवा विरळ असते आणि तापली की आणखी विरळ होते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून उडायला जास्त धाव लागते.

धावपट्टी आखताना वापरतात तो ढोबळ नियम असा: दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवा, आणि त्या उंचीच्या प्रमाण (हिशेबासाठी ठरवून दिलेल्या) तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के आणखी वाढवा. ८०९ मीटरला उंचीचे जवळपास १९ टक्के होतात. त्या उंचीचं प्रमाण तापमान १० अंशांच्या आसपास, म्हणजे ३० अंशांच्या दुपारी तापमानाचे २० टक्के. दोन्हींचा गुणाकार (१.१९ × १.२०) केला की गुणक १.४३ च्या घरात जातो. १,७५९ ला त्यानं भागा, १,२३० मीटरच्या आसपास येतं. समुद्रकाठच्या थंड दिवसाच्या भाषेत उबेराबाची धावपट्टी दुपारी एवढीच लांब. हवेच्या घनतेनं पाहिलं तर अशा दुपारी ती साधारण १,५५० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, महाबळेश्वरपेक्षाही उंचावरची. इतकी मोठी दुरुस्ती निघाली की प्रत्यक्षात त्या त्या विमानाचे तक्ते लावूनच हिशेब करतात. माझं गणित फक्त समजण्यापुरतं.

यामुळेच उबेराबाला एटीआर शोभतं. त्याचं कमाल उड्डाणवजन २३ टन आहे, पण ३७० किलोमीटरच्या टप्प्याला पूर्ण वजनानं उडायची गरजच पडत नाही. टाकी पाच टनांची, इथं प्रवासाचं आणि राखीव मिळून तिच्या निम्म्याहून कमी इंधन पुरतं. विमान हलकं, धाव कमी. एम्ब्रायर जेटही याच कारणानं चालतं. १७०-१८० आसनांचं पूर्ण भरलेलं जेट घेऊन लांब पल्ल्याला उडायचं म्हटलं तर मात्र ही धावपट्टी तोकडी पडते.

उतरताना वेगळा नियम असतो. जेट विमानानं उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबू शकलं पाहिजे, असा हिशेब उड्डाणाआधी करावा लागतो. इथं ते १,०५५ मीटर. धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर १५ टक्के जास्तीची लांबी लागते, म्हणजे थांबायला हिशेबात ९१८ मीटरच उरतात. ऑक्टोबर ते मार्च हा तिकडचा पावसाळा. त्या दिवसांत दुपारनंतरच्या गडगडाटी पावसात विमान घिरट्या घालत थांबवणं किंवा दुसरीकडं वळवणं होतं ते यामुळेच. कधी वजन कमी करण्यासाठी काही बॅगा नंतरच्या फेरीवर ढकलल्या जातात.

तुमचा प्रवास एप्रिलअखेरचा. पाऊस ओसरलेला असतो, कोरडा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे उबेराबाच्या धावपट्टीची चिंता नको. त्या दिवसांत अडचण येते ती दुसऱ्या टोकाला. थंडीकडं झुकलेल्या सकाळी ग्वारुल्योस आणि विराकोपोसला धुकं धरतं, सकाळची फेरी रखडते, आणि तेच विमान दिवसभर पुढच्या गावांना जायचं असल्यानं उशीर साखळीसारखा सरकत जातो. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असणाऱ्या गावाला त्याचा फटका जास्त. उबेर्लांदियाला एक फेरी गेली तर काही तासांत दुसरी असते, उबेराबाला दुसऱ्या दिवसावर जाऊ शकतं. 'भरवसा नाही' याचा अर्थ एवढाच, सुरक्षिततेशी त्याचा संबंध नाही. दोन्ही विमानतळं आता आएना ही एकच कंपनी चालवते. २०२२ च्या लिलावात कोंगोन्याससह अकरा विमानतळांचा गट तिला ३० वर्षांसाठी मिळाला, त्यात ही दोन्ही आली.

---

गोठा_आणि_गीर

मनापासून आभार. धावपट्टीचा हिशेब कुणीच असा समजावून सांगितला नव्हता. आता कल उबेर्लांदियाकडं आहे. पण प्रदर्शनाच्या काळात तिथून व्हॅन मिळाली नाही, किंवा ऐनवेळी विमान रद्द झालं, तर कंपनीकडून काय मागता येतं? आणि आमच्यातल्या दोघांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यानं काही बिघडतं का?

---

तिकीटखिडकी

ब्राझीलच्या विमान नियामक संस्थेचं, आनाकचं, ठराव क्रमांक ४०० हे नियमपत्र आहे, २०१६ चं. ते परदेशी प्रवाशालाही लागू आहे. काउंटरवर 'आनाक, रेझोलुसाँव क्वात्रोसेंतोस' एवढं म्हटलंत तरी समोरच्याला कळतं. त्यातलं उपयोगाचं असं:

उशीर एक तासाचा झाला की फोन-इंटरनेटची सोय मागता येते. दोन तासांनी खाणं किंवा त्याचं कूपन. चार तासांच्या पुढं गेलं आणि रात्र काढावी लागणार असेल तर हॉटेल आणि तिथवर ने-आण. कारण हवामान असलं तरी ही मदत टळत नाही. धुक्याचं नाव सांगून कुणी हात वर केले तर हे सांगा.

विमान रद्द झालं किंवा चार तासांहून जास्त उशीर झाला तर तीन पर्याय असतात: दुसऱ्या विमानात जागा, पैसे परत, किंवा उरलेला प्रवास दुसऱ्या वाहनानं. निवड प्रवाशानं करायची असते, कंपनीनं नाही. विराकोपोसमार्गे गेलात तर तिसरा पर्याय सोन्यासारखा आहे. काम्पिनास ते उबेराबा रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या आत, साडेचार-पाच तासांचं काम. उद्याच्या विमानाची वाट पाहत बसण्यापेक्षा आजच्या बसची मागणी करा. दुसऱ्या विमानात जागा घेतलीत तर उबेर्लांदिया किंवा रिबेराँव प्रेतोचंही चालेल म्हणून सांगा. रिबेराँव प्रेतो उबेराबाच्या दक्षिणेला आहे, रस्त्यानं दोन तास.

आठ जण वेगवेगळ्या पीएनआरवर असाल तर अशा वेळी गट फुटतो, कारण शिल्लक जागा पीएनआरनुसार वाटल्या जातात. एकाच पीएनआरवर आठ जण ठेवले तर दुसरी अडचण, पुढच्या विमानात सलग आठ जागा रिकाम्या सापडत नाहीत. चार-चारचे दोन पीएनआर करा आणि प्रत्येकात एक बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारा ठेवा.

सामान आलं नाही तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करून प्रत घ्या. देशांतर्गत प्रवासात ७ दिवसांत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात २१ दिवसांत सामान देणं कंपनीवर बंधनकारक आहे. बॅगेवर उबेराबातल्या हॉटेलचा पत्ता लिहून ठेवा, बारामतीचा पत्ता तिथं कामाचा नाही.

नावाबद्दल. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळलंच पाहिजे. आपल्याकडं पासपोर्टच्या 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र येतं, तिकिटावरही ते तसंच हवं. आडनाव रिकामं असेल तर प्रत्येक कंपनी वेगळी पद्धत वापरते, कुणी दिलेलं नावच दोनदा छापतं, कुणी आडनावाच्या जागी ठरावीक अक्षरं घालतं. एका पीएनआरवर दोन कंपन्या असतील तर लेखी विचारून घ्या. वेळ असेल तर त्या दोघांनी पासपोर्टमध्ये आडनाव घालून घेणं सगळ्यांत उत्तम, व्हिसाचा अर्ज करण्याआधी. स्पेलिंगची किरकोळ चूक देशांतर्गत तिकिटावर चेक-इनपर्यंत फुकट दुरुस्त करून मिळते.

आणखी एक सवलत माहीत असू द्या. प्रवासाच्या किमान ७ दिवस आधी काढलेलं तिकीट हाती आल्यापासून २४ तासांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. यूबीए-यूडीआयचा घोळ झालाच तर त्याच दिवशी लक्षात यायला हवा तो यासाठी.

व्हॅनचं म्हणाल तर ती आणि हॉटेल दोन्ही महिने आधी ठरवा. प्रदर्शनाच्या आठवड्यात उबेराबातल्या खोल्या भरतात आणि माणसं उबेर्लांदियाला राहून ये-जा करतात.

---

पशुवैद्य_सांगली

विमानाचं सगळं आलंय. पण तुम्ही गोठ्यातून निघून गोठ्यात जाणार आहात, त्यामुळे काही गोष्टी तुमच्यासाठी इतर प्रवाशांपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत.

पहिली, पीतज्वराची लस, यलो फीव्हर. ब्राझीलहून भारतात परतणाऱ्याकडं त्या लसीचं पिवळं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस केंद्र सरकारनं अधिकृत केलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते आणि नोंदणीला रांग असते, तेव्हा दोन महिने आधी हालचाल करा. मिनास जेराइसमध्ये जाणाऱ्यांना तब्येतीसाठीही ही लस सुचवली जाते, ती नुसती कागदाची बाब नाही. साठीच्या पुढच्या दोघांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, त्या वयात पहिल्यांदा घेतल्यास गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर तेही सांगा.

दुसरी, लाळ्या-खुरकूत. मे २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेनं ब्राझीलला लसीकरणाशिवाय लाळ्या-खुरकूतमुक्त देश म्हणून मान्यता दिली. त्यांची जनावरं आता लस न टोचलेली आहेत. आपल्याकडं हा आजार आहे, आणि विषाणू शेणामातीत, बुटाच्या तळात बरेच दिवस टिकतो. घाण लागलेल्या बुटांची एक जोडी तिकडं पोहोचली तर काय होईल याचा विचार करा. गोठ्यात वापरलेले बूट, चपला, टोप्या, दोर, मोरक्या काहीही नेऊ नका. जायच्या आधी नवे कपडे-बूट वेगळे काढा आणि निघण्याआधीचे काही दिवस गोठ्याचं काम दुसऱ्यावर सोपवा. तिकडं एखाद्या फार्मवर जाणार असाल तर शेवटचं जनावर कधी हाताळलं ते खरं सांगा. ते विचारतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

तिसरी, डब्याचं. विमानतळावर त्यांच्या कृषी मंत्रालयाची तपासणी असते, नाव व्हिजिआग्रो. घरचं तूप, खवा, पेढे, कसलंही बियाणं, माती, रोपं नेऊ नका. शंका वाटेल ते जाहीर करा, लपवलेलं सापडलं तर जप्तीवर थांबत नाही.

चौथी, तुम्ही अजून विचारलेली नाही पण प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच. कृत्रिम रेतनासाठीच्या वळूच्या वीर्याच्या कांड्या सोबत आणता येत नाहीत. भारतात आणायला पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना लागतो, १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली. शिवाय परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी, ब्राझीलच्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र आणि मालवाहतुकीनं आलेला, उणे १९६ अंशांवर राखलेला कंटेनर. 'पिशवीत टाकून न्या' म्हणणारा तिथं भेटला तर सरळ नाही म्हणा. वर लाळ्या-खुरकूतबद्दल जे लिहिलं तेच उलट्या दिशेनं आपल्या गोठ्यांनाही लागू आहे.

बघायचं मात्र भरपूर आहे. प्रदर्शन पार्के फर्नांदो कोस्तामध्ये भरतं, झेबू पैदासकारांच्या संघटनेचं, एबीसीझेडचं, मुख्यालय आणि झेबू संग्रहालय तिथंच आहे. गिरोलांदो (गीर आणि होल्स्टीनचा संकर) पैदासकारांची संघटनाही उबेराबातच. दुधाळ गीरची वळूनिवड १९८५ पासून चालू आहे, वळूपासून झालेल्या गाईंच्या दुधाच्या नोंदींवरून त्याची पारख करत. तुमच्या आवडीचं काम तेच. आल्टा आणि एबीएस ही वीर्यकेंद्रं शहरालगत आहेत, आधी लिहून वेळ घेतली तर भेट मिळू शकते.

---

गोठा_आणि_गीर

ताई, चौथा मुद्दा आमच्यातल्या एकाच्या डोक्यात होताच, बरं झालं स्पष्ट लिहिलंत. जाताना उबेर्लांदिया पक्कं. परतताना उबेराबाहूनच उडावं का?

---

रनवे_सतरा

परतताना उबेराबाहून उडायला हरकत नाही, तेव्हा वेळ तुमच्या हातात असतो. आखाती विमानं ग्वारुल्योसहून बहुधा रात्री उशिरा किंवा मध्यरात्रीनंतर सुटतात. उबेराबाहून सकाळचं विमान घ्या, विराकोपोसला दुपारच्या आत पोहोचा, व्हॅननं ग्वारुल्योसला जा. फेरी रद्द झाली तरी रस्त्यानं ग्वारुल्योस गाठायला पूर्ण दिवस उरतो. दुपारची किंवा संध्याकाळची फेरी घेतलीत तर ही सवड संपते.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख नीट वाचा. तिकिटावर ५ मे, रात्री १.२५ असेल तर हॉटेल ४ तारखेच्या सकाळीच सोडायचं आणि ४ च्या रात्री ग्वारुल्योसला हजर राहायचं. घरी वेळ कळवताना भारत साडेआठ तास पुढं धरा. ब्राझीलनं उन्हाळी वेळ २०१९ पासून बंद केली आहे, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो.

उबेराबाचं विमानतळ शहराच्या वस्तीला लागूनच आहे, टॅक्सी किंवा उबर सहज मिळते. आठ जणांना सामानासकट तीन गाड्या लागतील, पहाटेसाठी त्या आदल्या रात्रीच हॉटेलकडून सांगून ठेवा. तिकीट वेगळं असेल तर बॅगा हॉटेलवरच तोलून बघा. प्रदर्शनातली जाडजूड छापील वळूसूची आठ जणांनी दोन-दोन घेतली की २३ किलोचा काटा कुठल्या कुठे जातो.